पाऊण टनाचा इतिहास

मराठी फौजा नर्मदापार गेल्या, तेव्हा त्यांच्या मागोमाग बंजाऱ्यांचे तांडे चालत. बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून हे तांडे छावणीला रसद पुरवीत, आणि रसद तुटली की मातब्बर सरदारांनाही मुक्काम हलवावा लागे. इतिहासाच्या पुस्तकांत सरदारांची नावे येतात. तांड्यातील बैलांची नोंद कोण ठेवणार? ज्याच्यासाठी माल वाहिला जातो तो इतिहासात दिसतो, जो वाहतो तो दिसत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच गत एका नव्या वाहकाची झाली. बैलगाडी आणि अवजड ट्रक यांच्या मधल्या रिकाम्या जागेत जी छोटी, परवडणारी मालवाहू मोटार आली, तिने आपल्या शहरांचा आणि बाजारपेठांचा चेहरा बदलला. टेम्पो, मॅटाडोर, पिकअप, छोटा हत्ती अशी तिची नावे पालटत गेली. काम मात्र तेच राहिले.

या गाडीचे लोकांना एवढे आकर्षण का वाटले, हे प्रस्तुत लेखात इतिहासाच्या अंगाने पाहावयाचे आहे. आमच्या मते हे आकर्षण यंत्राच्या ताकदीत नसून त्याच्या मापात आहे. छोटी मालमोटार म्हणजे मोठ्या ट्रकची आखूड आवृत्ती नव्हे. लहान माणसाचा बोजा आणि लहान माणसाची ऐपत, या दोन्ही मापांना एकाच वेळी उतरणारे ते स्वतंत्र वाहन आहे. ज्या ज्या वेळी ते यांपैकी एखाद्या मापाबाहेर गेले, त्या त्या वेळी बाजाराने त्याच्याकडे पाठ फिरवली.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातील स्थिती ध्यानात घेऊ. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रक बनविण्यास आरंभ केला. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीचे ट्रक तयार होत होते. ही वाहने कित्येक टन माल घेऊन प्रांतोप्रांती जाणारी. परंतु ज्या व्यापाऱ्याला दहा पोती गूळ पेठेतून दुकानात आणावयाचा आहे, ज्या सुताराला दोन कपाटे गिऱ्हाइकाच्या घरी पोचवावयाची आहेत, त्याला ट्रकचा काय उपयोग? त्याच्यासाठी हातगाडी होती, बैलगाडी होती आणि हमालाची पाठ होती. कोस-दोन कोसांपलीकडे माल न्यावयाचा तर या साधनांनी अर्धा दिवस मोडे.

अशीच अडचण युद्धाने मोडून पडलेल्या देशांनाही जाणवत होती. इटलीत पियाजिओ कंपनीने १९४८ साली स्कूटरच्या मागे हौदा जोडून ‘आपे’ ही तीनचाकी आणली. जपानमध्ये १९५७ साली दाइहात्सूची ‘मिजेट’ आली. जर्मनीत हॅम्बुर्ग येथील विडाल अँड सोन या कंपनीची ‘टेम्पो’ वाहने तर महायुद्धाच्या आधीपासूनच लोकप्रिय होती. जेते म्हणून युद्धातून बाहेर पडलेल्या अमेरिकेत ऐसपैस पिकअप रस्त्यावर धावत होते. हरलेल्या तीन देशांनी मात्र लहान दुकानदाराचे वाहन घडविले. पोलाद थोडे, इंधन महाग, गल्ल्या अरुंद आणि गिऱ्हाईक गरीब, या चार अटींनी त्याचा आराखडा ठरवून टाकला होता. हिंदुस्थानातही याच चार अटी होत्या. म्हणूनच अमेरिकेचा पिकअप येथे रुजला नाही आणि हॅम्बुर्गची तीनचाकी रुजली.

ती रुजविण्याचे श्रेय नवलमल कुंदनमल फिरोदिया यांना जाते. अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) हे गृहस्थ स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेले. माणसाने माणसाला ओढावे ही सायकलरिक्षाची रीत त्यांना खटके, आणि या देशात ऑटोरिक्षा आणण्यात त्यांचा पुढाकार होता. माणसांच्या वाहतुकीत जे केले तेच त्यांनी मालाच्या वाहतुकीत केले. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि जर्मन सहकार्याने ‘हॅन्सीट’ ही तीनचाकी मालगाडी बनू लागली. पुढे एक चाक, त्याच्यावरच इंजिन, त्याच चाकाला गती, आणि मागे मोकळा हौदा. गाडी दिसायला बेढब, आवाजाने कर्कश. वळणावर जपून घ्यावी लागे. पण ती बोळातून वळे, थोड्या इंधनात चाले आणि गल्लीतल्या मेकॅनिकला दुरुस्त करता येई. १९६० च्या दशकात पुण्याजवळ आकुर्डी येथे कंपनीचा कारखाना उभा राहिला.

कंपनीच्या नावातील एक शब्द लवकरच सामान्यनाम झाला. पुण्या-मुंबईकडे ‘टेम्पो’ म्हणजे मालाची गाडी. मग ती कोणत्याही कारखान्याची असो. ग्वाल्हेरकडच्या मराठी माणसाला मात्र ‘टेम्पो’ म्हटले की आठ-दहा प्रवासी दाटीवाटीने बसलेली तीनचाकी आठवते, कारण उत्तरेत याच जातीच्या वाहनावर माणसे नेण्याची प्रथा पडली. लखनौच्या स्कूटर्स इंडियाची ‘विक्रम’ही तिथे टेम्पोच ठरली. एकाच शब्दाचे दोन प्रांतांत दोन अर्थ झाले, यात आश्चर्य नाही. जिथे ज्या वाहतुकीची उणीव होती, तिथे त्या कामाला ही गाडी जुंपली गेली.

१९६४ साली याच कंपनीची चारचाकी ‘टेम्पो वायकिंग’ आली, तर १९६९ साली ‘मॅटाडोर’. याच १९६९ च्या जुलैमध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. या दोन घटनांचा परस्परसंबंध वरवर दिसत नाही. पण तो आहे. राष्ट्रीयीकरणानंतर ज्या अग्रक्रमाच्या क्षेत्रांना कर्ज देण्याचे बंधन बँकांवर आले, त्यांत लहान वाहतूकदारांचाही समावेश होता. तोवर गाडी विकत घ्यावयाची तर सावकार किंवा धनिक मालक यांच्याखेरीज थारा नव्हता. आता चालकाला स्वतःच्या नावावर गाडी घेण्याची वाट, अरुंद का होईना, पण मोकळी झाली. ट्रकच्या व्यवसायात मालक एक, चालक दुसरा आणि क्लीनर तिसरा असतो. छोट्या गाडीत तिघेही एकाच माणसात सामावतात. ती चालविणारा सकाळी स्टँडवर उभा राहतो, भाडे स्वतः ठरवितो आणि संध्याकाळी गाडी स्वतःच्या दारात लावतो. या स्वामित्वाची किंमत रुपयांत मोजता येत नाही, आणि छोट्या गाडीच्या ओढीचे मर्म इथेच आहे.

ऐंशीच्या दशकाने या विचाराची परीक्षा पाहिली. सरकारने जपानी सहकार्याला दार उघडले आणि हलक्या मालमोटारी बनविणाऱ्या चार कंपन्या उभ्या राहिल्या. उत्तर प्रदेशात सूरजपूरला डीसीएम टोयोटा, पंजाबात स्वराज माझदा, हैदराबादेनजीक झहीराबादला ऑल्विन निस्सान आणि इंदूरजवळ पीथमपूरला आयशर मित्सुबिशी. इंदूर आणि हैदराबाद येथील वाचकांना यांतील दोन नावे परकी नाहीत. गाड्या देखण्या होत्या, चालवायला सुखाच्या होत्या. परंतु १९८५ नंतर जपानी येन झपाट्याने वधारला. सुटे भाग जपानमधून येत असल्याने गाड्यांच्या किमती चढल्या. त्याच सुमारास, १९८६ साली, टाटांनी पुण्यात तयार केलेली ‘४०७’ बाजारात उतरविली. ती देशी भागांची, दणकट आणि दुरुस्तीला सोपी होती. पुढे डीसीएम टोयोटाचे नाव नाहीसे झाले, ऑल्विन निस्सान महिंद्रांच्या हाती गेली. ४०७ मात्र टिकली. यंत्राचे सौष्ठव आणि ग्राहकाची ऐपत यांत फारकत पडली की काय होते, याचा हा धडा होता.

तथापि ४०७ हीदेखील काही टन भार वाहणारी गाडी. अगदी लहान बोजाची जागा तीनचाकीकडेच राहिली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बारामतीत पियाजिओच्या ‘आपे’चे उत्पादन सुरू होताच ही स्पर्धा आणखी वाढली. अर्धशतकापूर्वीची ती इटालियन कल्पना कऱ्हेकाठी येऊन स्थिरावली, हाही इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

येथे कायद्याचाही विचार केला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमान्वये मालवाहू गाडीला परवाना लागतो. पण जिचे भारासह एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नाही, तिला या अटीतून सूट आहे. कचेरीच्या पायऱ्या झिजविणे ज्याला परवडत नाही, त्याच्या दृष्टीने या एका पोटकलमाचे मोल मोठे आहे. चालकाच्या लायसन्सबाबतही दीर्घकाळ वाद चालला. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोंपर्यंतची मालगाडी चालविता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम केले. न्यायालयापुढचा प्रश्न विम्याचा होता. त्याच्या उत्तरावर मात्र लक्षावधी चालकांची भाकर अवलंबून होती.

आता २००५ सालाकडे वळू. २०००-०१ या वर्षी टेल्कोला सुमारे पाचशे कोटी रुपयांचा तोटा झाला. मोठ्या ट्रकची विक्री मंदीत कोसळते. तेव्हा दुसरा आधार हवा, असे कंपनीला कळून चुकले. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या तरुण चमूने तीनचाकी चालविणाऱ्यांच्या भेटी घेतल्या. त्यांतून एक गोष्ट पुढे आली, ती कोणत्याही तांत्रिक आराखड्यात बसणारी नव्हती. चारचाकी दारात उभी असेल तर गावात पत वाढते, लग्न जुळणे सोपे जाते, असे त्या चालकांचे म्हणणे पडले. तीन चाकांवरून चार चाकांवर जाणे ही त्यांच्या लेखी सोय तर होतीच, पण प्रतिष्ठेची पायरीही होती.

मे २००५ मध्ये ‘टाटा एस’ आली. इंडिका मोटारीचे चार सिलिंडरांचे इंजिन जणू मधोमध कापून केलेले दोन सिलिंडरांचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन, सोळा अश्वशक्ती, ७५० किलो भार, आणि किंमत सुमारे सव्वादोन लाख. सोळा अश्वशक्ती आणि पाऊण टन या आकड्यांना अभियंते हसले असते. लहान व्यापारी हसला नाही, कारण त्याचा बोजाच पाऊण टनाचा होता. लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ म्हटले. मागणी एवढी आली की उत्तराखंडात पंतनगरला स्वतंत्र कारखाना काढावा लागला. सात वर्षांत दहा लाख आणि २०१७ पर्यंत वीस लाख गाड्या विकल्या गेल्या. महिंद्राची मॅक्सिमो, अशोक लेलँडची दोस्त, मारुतीची सुपर कॅरी ही सारी त्याच वाटेने मागून आली.

काळही अनुकूल होता. महामार्ग रुंद होऊ लागले, तसे मोठे ट्रक शहरांच्या वेशीबाहेर थांबू लागले. अनेक शहरांत दिवसा अवजड वाहनांना मज्जाव झाला. वेशीवरून पेठेपर्यंतचा शेवटचा टप्पा छोट्या गाडीच्या वाट्याला आला. आज बेळगावची भाजी चोर्ला घाटाने गोव्यात उतरते, ती बाजारात पहाटे पोचावी लागते. तिथे ट्रक भरेपर्यंत वाट पाहणे म्हणजे माल नासविणे होय. थोडा माल, वेळेवर आणि थेट दारात, हे काम मोठ्या गाडीला कधीच साधले नसते.

परंतु या इतिहासाला एक चिंतेची किनार आहे. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले. ते आवश्यकच होते. शहरातील मुलांच्या फुप्फुसांचा प्रश्न चालकाच्या हप्त्यापेक्षा लहान नाही. मात्र लहान डिझेल इंजिन त्यामुळे महागले आणि पेट्रोल व सीएनजीचा मार्ग धरावा लागला. २०२२ साली विजेवर चालणारी एस आली, तिची किंमत मूळ गाडीच्या कैकपट होती. २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा ७५० किलोंचीच ‘एस प्रो’ चार लाखांच्या आत आणावी लागली, आणि त्याच सप्टेंबरात मालवाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. वीस वर्षांनी कारखानदार पुन्हा त्याच पाऊण टनापाशी आले, यातच सर्व काही आले.

दुसरी चिंता अधिक खोल आहे. भाडे पूर्वी स्टँडवर, घासाघीस करून ठरे. आता ते मोबाइलवर येते आणि दर दूरची कंपनी ठरविते. रिकामे परतण्याचे फेरे त्यामुळे कमी होतात, हे खरे. पण गाडी चालकाची, कर्ज चालकाचे, डिझेल चालकाचे आणि भाव मात्र दुसऱ्याचा, अशी वाटणी झाली तर ज्या स्वामित्वासाठी त्याने गाडी घेतली ते कागदावरच उरेल. छोट्या मालमोटारीने हमालाला आणि गाडीवानाला मालक केले, ही तिची खरी कमाई. ती टिकते की नाही, हे यापुढे इंजिनाच्या बनावटीवर अवलंबून नसून भाडे कोणाच्या हाती राहते यावर अवलंबून आहे.

आपल्या जुन्या वसाहतींचे इतिहास लिहिताना आपण वाडे, दरबार, देवळे आणि ग्रंथालये यांची नोंद आवर्जून करतो. मंडळाचा गणपती ज्या गाडीतून घाटावर जातो, ग्रंथालयाची कपाटे ज्या गाडीतून नव्या जागेत येतात, तिच्या मालकाचे नाव कोणत्याही स्मरणिकेत सापडत नाही. बंजाऱ्यांच्या बैलांच्या बाबतीत जी उणीव राहिली ती राहिली. टेम्पोवाल्यांच्या बाबतीत ती भरून काढण्यास अद्याप वेळ आहे. पहिला टेम्पो घेणारे त्या पिढीतील काही जण प्रत्येक शहरात अजून हयात असतील. त्यांच्याकडून ते दिवस आताच ऐकून लिहून ठेवले पाहिजेत.