कारच्या मॉडेलवर कोणती पुट्टी लावायची? गॅरेजचा डबा, एम-सील की ऑनलाइन मिळणारी छोटी ट्यूब?

सावदा, फैजपूर, भुसावळ हा केळीचा पट्टा. इथे ट्रकची वर्दळ कायमची, आणि ट्रक म्हटलं की डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजही आलीच. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर कारागीर पातळ पट्टीने एक राखाडी लेप ओढतात. कुणी त्याला पुट्टी म्हणतं, जुने पेंटर 'लांबी' म्हणतात.

आता समजा, तुम्हाला ट्रक नाही तर हाताच्या पंजाएवढी कार दुरुस्त करायची आहे. घरी एकेकाळी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर होती. ती विकली गेली, मागे फक्त फोटो राहिले. तिची हुबेहूब प्रतिकृती दुकानात मिळत नाही. म्हणून बाजारातलं जवळपास तसं दिसणारं मॉडेल आणायचं, नको ते कापायचं, हवं ते जोडायचं आणि भोकं-फटी बुजवून नवा रंग द्यायचा. यालाच मॉडेल कस्टमाइझ करणं म्हणतात.

बुजवायचं कशाने, हा प्रश्न इथेच येतो. गॅरेजमधली लांबी चालेल? एम-सील चालेल? की हॉबीवाल्यांची महागडी ट्यूबच हवी?

एवढा विचार का करायचा?

कारण मॉडेलवर छोटी चूकही मोठी दिसते. १:२४ स्केल म्हणजे मॉडेलवरचा १ मिलिमीटर हा खऱ्या गाडीवरचा २४ मिलिमीटर. पुट्टी नंतर आकसून अर्धा मिलिमीटर खाली बसली, तर ते खऱ्या गाडीच्या बॉनेटला १२ मिलिमीटरचा पोचा आल्यासारखं दिसतं. हॉट व्हील्सच्या गाड्या साधारण १:६४ च्या असतात. तिथे तोच अर्धा मिलिमीटर ३२ मिलिमीटरचा होतो.

शिवाय ही चूक लगेच दिसत नाही. रंग देऊन झाल्यावर गाडी चकाचक दिसते. दोन-तीन आठवड्यांनी, जिथे फट भरली होती तिथे पुसटशी रेघ उमटते. तोवर उशीर झालेला असतो. सगळा रंग काढून पुन्हा पहिल्यापासून काम करावं लागतं.

मुख्य फरक: वाळणारी पुट्टी आणि सेट होणारी पुट्टी

दुकानात नावं खूप असली तरी प्रकार मुळात दोनच.

पहिला प्रकार वाळणारा. ट्यूब किंवा डबा उघडायचा आणि थेट लावायचं, काही मिसळायचं नाही. यात थिनरसारखा द्रव किंवा पाणी असतं. ते उडून गेलं की पुट्टी कडक होते. पण जेवढं उडून गेलं तेवढी जागा रिकामी होते, म्हणून ही पुट्टी आकसते. थर जाड असेल तर वरून साय धरते आणि आतला भाग बरेच दिवस ओला राहतो. आठवड्यांनी उमटणारी ती रेघ बहुतेक वेळा यामुळेच असते.

दुसरा प्रकार सेट होणारा. यात दोन भाग मिसळावे लागतात. त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन पुट्टी घट्ट होते. फारसं काही उडून जात नसल्याने ती आकसतेही फारच कमी.

म्हणून पहिला नियम असा: ओरखड्यासाठी वाळणारी, खड्ड्यासाठी सेट होणारी. फट किती खोल आहे ते आधी बघा, पुट्टी नंतर निवडा.

कोणती पुट्टी कुठे?

एनसी पुट्टी: ऑटो पेंटच्या दुकानात सहज मिळते. वाळणाऱ्या प्रकारातली. पॉलिश पेपरचे ओरखडे आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं भरायला उत्तम. तामियाची राखाडी ट्यूब कामाच्या दृष्टीने याच जातीतली. या पुट्टीतलं थिनर प्लास्टिक मऊ करतं. पातळ थरात त्यामुळे पकड चांगली बसते, पण जाड थरात पातळ बॉडी वाकडी होऊ शकते. कागदाएवढा थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा.

पॉलिएस्टर पुट्टी: गॅरेजमध्ये हार्डनरच्या छोट्या ट्यूबसोबत मिळते ती हीच. मॉडेललाही ती चालते. अर्ध्या ते तीन मिलिमीटरपर्यंतच्या खड्ड्यांसाठी हीच घ्या. हार्डनर साधारण १०० ग्रॅमला २ ग्रॅम लागतो, पण डब्यावर छापलेलं प्रमाण अंतिम माना. कमी पडला तर पुट्टी चिकट राहते. जास्त झाला तर त्याचा डाग रंगातून वर येऊ शकतो. सेट होताना ती गरम होते, म्हणून पातळ प्लास्टिकवर एकदम मोठा गोळा लावू नका. डबा घेताना बारीक दाण्याची, फिनिशिंगची पुट्टी मागा. जाडसर पुट्टीत बारीक भोकं जास्त राहतात.

इपॉक्सी पुट्टी: एम-सील हे तिचं घराघरातलं रूप. दोन भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळायचे. आकार घडवायला ही सर्वांत चांगली. चाकावरची कमान रुंद करायची, मागे स्पॉयलर लावायचा, मोठं भोक आतून बुजवायचं, अशी कामं हिची. अडचण एकच, सेट झाल्यावर ती आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होते. घासायला गेलात तर पुट्टी तशीच राहते आणि शेजारचं प्लास्टिक झिजतं. म्हणून ती मऊ असतानाच ओल्या बोटाने सारखी करा आणि मूळ पातळीपेक्षा किंचित खाली ठेवा. वरचा शेवटचा हात पॉलिएस्टरचा द्या.

फेविक्विकसारखा गोंद: केसाएवढ्या फटीत आणि आपटून टवका उडू शकतो अशा कडांवर उपयोगी. त्यात थोडी टाल्कम पावडर मिसळली की छान भरण होतं. खायचा सोडा टाकला तर ते क्षणात घट्ट होतं. मात्र तासाभरात घासून घ्या, जसजसा वेळ जातो तसतसं ते दगडासारखं होतं.

पाण्यावरची अ‍ॅक्रिलिक पुट्टी: वालेहोसारख्या कंपन्यांची असते, बहुतेक वेळा ऑनलाइन मागवावी लागते. तिला उग्र वास नसतो. जिथे घासायला हात पोहोचत नाही अशा सांध्यात भरून ओल्या कापसाने पुसून घेता येते. मोठ्या पृष्ठभागासाठी ती कामाची नाही.

आणि भिंतीची पुट्टी? ती नकोच. ती मुख्यतः पांढऱ्या सिमेंटची असते आणि सिमेंटच्या भिंतीसाठीच बनवलेली असते. गुळगुळीत प्लास्टिक किंवा धातूवर ती धरत नाही, पापुद्र्यासारखी सुटते.

बॉडी प्लास्टिकची आहे की धातूची?

हे आधी तपासा. चुंबकावर विसंबू नका. डायकास्ट गाड्यांची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि तिला चुंबक चिकटत नाही. वजन आणि हाताला लागणारा गारवा यावरून ओळखता येतं.

धातूवर पॉलिएस्टर आणि इपॉक्सी दोन्ही चालतात, पण जुन्या रंगावर लावू नका. रंग सुटला की पुट्टीही सुटते. रंग काढा, २४० नंबरच्या पेपरने धातू खरखरीत करा, मग लावा. प्लास्टिक असेल तर साबणाने धुऊन ३२० किंवा ४०० नंबरने हलकं घासा. कोणतीही नवी पुट्टी आधी बॉडीच्या आतल्या बाजूला ठिपकाभर लावून बघा. प्लास्टिक विरघळलं किंवा वाकलं तर तिथेच कळेल.

खानदेशातल्या उन्हाचं काय?

पुट्टीच्या डब्यावरच्या वेळा साधारण २५ अंश तापमान धरून दिलेल्या असतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उष्णता वाढली की रासायनिक क्रिया वेगाने होते. ढोबळ हिशेबाने तापमान १० अंशांनी वाढलं की वेग दुप्पट होतो. म्हणजे चार-पाच मिनिटं हाताशी असायला हवी तिथे मिनिटभरातच पुट्टी पट्टीवर घट्ट होते.

यावर हार्डनर अंदाजाने कमी करणं हा उपाय नाही. त्यापेक्षा सकाळी लवकर काम करा, वाटाण्याएवढीच पुट्टी कालवा आणि ती गार फरशीच्या तुकड्यावर कालवा. हार्डनरची ट्यूब पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात ठेवू नका, ती उष्णतेने खराब होते. पावसाळ्यात अडचण वेगळी असते. हवेत ओल असताना एनसी प्रकारचा रंग किंवा प्रायमर मारला की त्यावर पांढुरकी झाक येते. उघाड मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

एक उदाहरण: टॅक्सीची घरची पद्मिनी

सावद्याकडे 'काळी-पिवळी' म्हटलं की वडाप करणारी जीप आठवते. मुंबईत मात्र काळी-पिवळी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईत टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. समजा, तिच्या १:२४ च्या प्लास्टिक मॉडेलवरचं सामानाचं कॅरिअर काढून तिला घरच्या गाडीचं रूप द्यायचं आहे. कॅरिअर निघालं की टपावर दोन-दोन मिलिमीटरची चार भोकं राहतात.

ही भोकं नुसत्या पुट्टीने भरली तर मधोमध खळगा पडतो. आधी प्रत्येक भोकात प्लास्टिकची काडी बसवून फेविक्विकने चिकटवा. सुकल्यावर ती कटरने टपाच्या पातळीत कापा आणि घासून घ्या. मग पॉलिएस्टरचा पातळ हात द्या. तो घासल्यावर राहिलेल्या बारीक भोकांत एनसी भरा. शेवटी राखाडी प्रायमर. एकाच रंगामुळे उरलेले दोष लगेच दिसतात.

दाराजवळ काम असेल तर दाराच्या फटीवर आधी मास्किंग टेप लावा. खऱ्या गाडीत ती फट ४-५ मिलिमीटरची असते, म्हणजे या मॉडेलवर जेमतेम ०.२ मिलिमीटर. एकदा का पुट्टीने बुजली, की ती सरळ रेषेत पुन्हा कोरणं कठीण असतं.

घासताना

पेपर बोटाने दाबून घासू नका, बोटाखाली खळगा पडतो. आइस्क्रीमच्या काडीला किंवा खोडरबराला गुंडाळा. ३२० पासून सुरुवात करून ४००, ६०० आणि शेवटी १००० नंबर वापरा. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासलेली चांगली. पाणी लावलंच तर प्रायमरआधी पूर्ण वाळू द्या. पुट्टी तयार आहे का हे बघायला कडेला नख दाबा. ठसा उमटला तर अजून थांबा.

पॉलिएस्टरचा वास आणि घासल्यावर उडणारी धूळ दोन्ही फुप्फुसांना त्रासदायक असतात. खिडकी उघडी ठेवा, साध्या रुमालाऐवजी धूळ अडवणारा मास्क लावा आणि हे काम स्वयंपाकघरात किंवा लहान मुलांजवळ करू नका.

थोडक्यात

सुरुवातीला महागड्या ट्यूबची गरज नाही. बारीक दाण्याची पॉलिएस्टर पुट्टी, थोडी एनसी, एम-सीलचं एक पाकीट आणि फेविक्विक एवढ्यात बहुतेक कामं होतात. खोल जागा आधी प्लास्टिकने किंवा इपॉक्सीने भरा, त्यावर पॉलिएस्टर, आणि ओरखड्यांपुरती एनसी. हा क्रम पाळला आणि प्रत्येक थराला त्याचा वेळ दिला, तर महिन्याभरानंतरही टप सपाटच दिसेल.