जुने टोन, नवा कीबोर्ड

विदर्भात कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असला तरी ऐकणारे त्याला कॅसिओच म्हणतात. वाजवणाऱ्याच्या तोंडी मात्र टोन हा शब्द असतो: सनईचा टोन, बासरीचा टोन, पेटीचा टोन. कंपनी शेकडो टोन भरून देते. पण ऑर्केस्ट्रातला वादक ओळखला जातो तो त्याने स्वतः बसवलेल्या दहा-वीस टोनांवरून. नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामांनी वेढलेल्या वाडीतला वादक असो की वैनगंगेकाठच्या वडशात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना साथ करणारा, नवा कीबोर्ड घेताना त्याची पहिली चिंता एकच असते. जुने टोन यात येतील का? या प्रश्नाला जवळपास पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

त्याआधी हा प्रश्नच नव्हता. अलेक्झांद्र दबें याने १८४२ साली पॅरिसला हार्मोनियमचे पेटंट घेतले, कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी रूढ केली आणि संगीत नाटकाने पेटी व पायाने हवा भरण्याचा ऑर्गन महाराष्ट्रभर नेला. पेटीचा आवाज तिच्या पितळी पट्ट्यांत असतो. कारागीर कानस लावून पट्टी सुरात आणतो. पण एका पेटीचा गोडवा उचलून दुसरीत ठेवता येत नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी केली नाही.

पहिल्या सिंथेसायझरांची अवस्था फारशी वेगळी नव्हती. १९७० च्या मिनीमूगला स्मरणशक्तीच नव्हती. मुंबईच्या चित्रपटसंगीतात मूग आणणारे म्हणून केर्सी लॉर्ड यांचे नाव घेतले जाते. अशा वाद्यावर जमलेला आवाज पुन्हा हवा असेल तर प्रत्येक बटण कुठवर फिरवले होते ते कागदावर उतरवून ठेवावे लागे. १९७८ च्या प्रॉफेट-५ ने ही अडचण दूर केली. त्यात ४० आवाज साठवता येत. रोलँडच्या ज्युपिटर-८ मध्ये ६४ आवाज मावत, शिवाय ते साध्या कॅसेटवर उतरवून पुन्हा वाद्यात भरता येत. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांवर आधारलेली जी सिंथेसायझरची तबकडी काढली, तिच्यात हेच वाद्य आहे. मात्र कॅसेटवरचे आवाज परत भरायचे ते त्याच मॉडेलमध्ये. दुसऱ्या वाद्याला त्यातले काही कळत नसे.

वाद्यांना एकमेकांशी बोलायला समाईक भाषा मिळाली १९८३ साली. ती भाषा म्हणजे मिडी. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यप्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडून दाखवले गेले. पाच पिनांच्या त्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. कोणता सूर दाबला एवढेच सांगून मिडी थांबत नाही. टोनची सगळी मांडणीही आकड्यांच्या रूपात पाठवता येते. यामाहाच्या डीएक्स७ चे ३२ आवाज ४,१०४ बाइटच्या एका निरोपात बसतात आणि दीड सेकंदाच्या आत पलीकडे पोचतात. पण अशा निरोपाच्या सुरुवातीलाच कंपनीचा आणि बहुधा मॉडेलचा क्रमांक असतो. तो आपला नसेल तर पलीकडचे वाद्य निरोप सोडून देते. कीबोर्ड बदलताना केबल नीट जोडूनही काहीच घडत नाही, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

१९९१ च्या जनरल मिडी या ठरावाने १२८ आवाजांना कायमचे क्रमांक दिले. त्यात सतार १०५ वर आहे आणि सनई ११२ वर. तबल्याला मात्र जागाच नाही. या क्रमांकांमुळे एका कीबोर्डवर बसवलेले गाणे दुसऱ्यावर सतारीच्या जागी सतारच वाजवू लागले. वादकाच्या स्वतःच्या टोनला त्याचा उपयोग नव्हता, कारण ११२ वर मिळणारी सनई कंपनीची होती.

ती का पुरत नसे, हे एक टोन जवळून पाहिला की उमगते. रोलँडच्या एक्सपी-८० (१९९६) सारख्या वाद्यावर सनई बसवायची तर ओबो या पाश्चात्त्य फुंकवाद्याची लहर, म्हणजे कंपनीने वाद्यात भरून दिलेला मुद्रित नमुना, पायाला घेतात. सुराच्या आरंभी तो किंचित खालून वर चढेल अशी मांडणी करतात, म्हणजे फुंकेचा जोर जाणवतो. कंप लगेच न येता सूर थोडा स्थिरावल्यावर यावा लागतो. एका वेळी एकच सूर वाजेल असे ठेवून सूर एकमेकांत सरकवले की मींड येते. वर आणखी एखादी लहर अगदी हलकी मिसळली की आवाजाला धार येते. या वाद्यात एका पॅचला चार थर देता येतात. कंपनी त्या प्रत्येक थराला टोन म्हणते, आपले वादक मात्र चारही थर मिळून झालेल्या आवाजाला. अशा एका आवाजामागे कित्येक रात्रींचे ऐकणे असते.

एक्सपी-८० मध्ये असे १२८ पॅच साठवता येत. ते नाण्याएवढ्या एका बॅटरीवर तगून असत. बॅटरी संपली की सगळे पुसले जाई. म्हणून फ्लॉपीवर प्रत काढून ठेवणे भाग होते. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारापर्यंत चालतो. रात्रभर उघड्यावर चालणाऱ्या प्रयोगांतली धूळ आणि दंव फ्लॉपीच्या जिवावर उठणारे. एका फ्लॉपीवर विसंबून राहणे धोक्याचेच होते.

खरी अडचण मात्र लहरींची आहे. पॅचमध्ये आवाज नसतो. अमुक क्रमांकाची लहर घे आणि तिच्यावर असे संस्कार कर, एवढी सूचना असते. १९९४ च्या जेव्ही-१०८० मधले पॅच एक्सपी-८० मध्ये चालत, कारण दोन्हींची रचना आणि लहरी एका घराण्यातल्या होत्या. पुढच्या पिढीत क्रमांक बदलले तर ओबोच्या जागी भलतेच काही निघते. जादा बोर्ड बसवून मिळवलेल्या लहरींचे तर आणखी अवघड. एक्सपी-८० मध्ये एसआर-जेव्ही८० मालिकेतले चार बोर्ड बसत, त्यात आशियाई वाद्यांचाही एक होता. नंतरच्या फँटम-एक्सला ते बोर्ड बसत नाहीत, त्याला एसआरएक्स मालिकेतलेच लागतात. बोर्ड सुटला की त्याच्यावर उभा असलेला टोन मुका होतो.

याच्या उलट डीएक्स७. त्याच्या पोटात ध्वनिमुद्रित लहर नाहीच. सहा लहरकर्ते आणि त्यांच्या ३२ जोडण्या यांच्या गणितातून आवाज घडतो. म्हणून १९८३ चे त्याचे आवाज यामाहाच्या २०१६ च्या मोंटाजमध्येही रूपांतर करून नेता येतात. ज्या टोनमध्ये आकड्यांखेरीज काहीच नाही, तोच सर्वांत दूरवर गेला, ही या इतिहासातली फार महत्त्वाची गोष्ट आहे.

२०१३ च्या रोलँड एक्सपीएस-१० ने महाराष्ट्रातल्या मंचांवरचा व्यवहार बदलला. बाहेरून मुद्रित केलेला आवाज पेन ड्राइव्हवरून या वाद्यात घेता येतो. ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचे कार्यक्रम, नागपूरच्या मिरवणुकांत वाजणाऱ्या धुमाल पार्ट्या, सगळीकडे खरी सनई, खरी बासरी मुद्रित करून बसवलेले टोन वाजू लागले. त्यांची खरेदी-विक्री होऊ लागली आणि नकलाही झाल्या. पेन ड्राइव्ह हातोहात फिरतो, पण टोन बसवणाऱ्याचे नाव त्याच्याबरोबर जातेच असे नाही. हा त्या माणसावर अन्याय आहे.

जुना टोन नव्या वाद्यात नेण्याचा आजचा शेवटचा उपायही यातूनच निघाला. जुन्या वाद्यावर तो टोन दर तीन-चार सुरांच्या अंतराने वाजवून संगणकावर मुद्रित करायचा, प्रत्येक तुकड्याची सुरुवात काटेकोर छाटायची, सूर धरून ठेवता यावा म्हणून मधला भाग पुन्हापुन्हा फिरेल असा जोडायचा आणि तुकडे नव्या कीबोर्डच्या पट्ट्यांवर वाटून द्यायचे. आवाज ओळखीचा येतो. उशिरा येणारा कंप मात्र तुकड्यातच गोठलेला असतो; वरच्या पट्टीत तो जलद होतो, खालच्या पट्टीत मंद. म्हणून मुद्रण कंपाशिवाय करून कंप आणि मींड नव्या वाद्यावर पुन्हा लावतात. ज्यांना एवढे करूनही समाधान होत नाही, ते दोन मजली स्टँडवर खाली नवा आणि वर जुना कीबोर्ड ठेवतात आणि सनईच्या ओळीपुरता हात वर नेतात.