दाराबाहेरचा साक्षीदार : मुंबईचे सेंट थॉमस कॅथीड्रल

मुंबईच्या फोर्ट विभागात, हॉर्निमन सर्कलच्या पश्चिमेस उभे असलेले सेंट थॉमस कॅथीड्रल हे या शहरातील पहिले अँग्लिकन चर्च होय. इंग्रजी मुंबईच्या घडणीचा इतिहास त्याच्या भिंतींवर कोरलेला आहे. मात्र या भिंती जेवढे सांगतात, तेवढेच गाळतातही.

चर्चची मूळ कल्पना गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याची. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडन यास वकील म्हणून पाठविणारा तो हाच. १६७६ मध्ये चर्चचा पाया घातला गेला. पुढच्याच वर्षी ऑन्जियर सुरतेस निवर्तला आणि काम रेंगाळले. सुमारे १५ फूट चढलेल्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षे छपराविना पावसाळे सोसत राहिल्या. दरम्यान १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने बेटास वेढा घातला, तर रोगराईने वसाहत खिळखिळी केली. अखेर १७१४ मध्ये आलेल्या रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणीची हाक दिली आणि २५ डिसेंबर १७१८ रोजी, गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, चर्च उपासनेसाठी उघडले.

त्या दिवशीचा एक तपशील कॉबच्याच वृत्तांतामुळे टिकला आहे. रामा कामती हा शेणवी गृहस्थ आपल्या ज्ञातिबांधवांसह समारंभास आला आणि उपासना संपेपर्यंत दाराबाहेर उभा राहिला. तो कंपनीच्या देशी शिपायांचा नायक आणि बेटावरील धनाढ्य असामी होता. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यानेच १७१५ च्या सुमारास केला, असे मानले जाते. परधर्माच्या मंदिराचा असा आदर करणाऱ्या या माणसावर, दोनच वर्षांत, बूनच्याच राजवटीत, कान्होजी आंग्रे यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप आला. १७२० मध्ये त्याला जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली आणि १७२८ मध्ये तो कैदेतच मरण पावला. ज्या पत्रांच्या आधारे तो दोषी ठरला, ती बनावट असल्याचे पुढे उघड झाले.

या पार्श्वभूमीवर वास्तूकडे पाहिले पाहिजे. कॉबच्या काळातील चर्च म्हणजे जाड भिंतींचा, लांबट आणि साधा सभामंडप. १८३७ मध्ये मुंबईस बिशपचे पीठ मिळून टॉमस कार पहिला बिशप झाला आणि चर्चला कॅथीड्रलचा दर्जा लाभला. त्यानंतर लवकरच पश्चिमेकडील मनोरा उंचावला गेला. १८६० नंतरच्या दशकात पूर्वेकडील वेदीचा भाग निमुळत्या कमानी व रंगीत काचांच्या गॉथिक शैलीत नव्याने बांधला गेला. व्यापारी कंपनीचा काटकसरी साधेपणा आणि साम्राज्याचा आत्मविश्वास, हे दोन्ही स्वभाव एकाच छपराखाली त्यामुळे दिसतात.

आतील संगमरवरी स्मारके हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच म्हणावा लागेल. १८११ मध्ये निवर्तलेल्या गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या स्मारकावर काशी व काठियावाडातील बालहत्या बंद पाडल्याचा गौरव आहे. अन्यत्र लढाईत पडलेले दर्यावर्दी आणि अधिकारी आहेत. मृत्युलेखाच्या भाषेत दोष नसतात; तेथे सारेच न्यायी आणि कर्तव्यदक्ष ठरतात. साहित्याच्या अभ्यासकाने हे लेख पुरावा म्हणून वाचताना त्यांचा हा संकेत ध्यानात घ्यावा.

चर्चकडे जाणाऱ्या कोटाच्या वेशीस चर्चगेट म्हणत. १८६० च्या दशकात कोट पाडला गेला, तशी वेसही गेली. नाव मात्र रेल्वे स्थानकाने उचलले आणि ते लक्षावधी प्रवाशांच्या तोंडी रुळले. रामा कामतीच्या वाट्यास असे काही आले नाही. ज्यांची शहरावर सत्ता होती त्यांची नावे संगमरवरावर राहिली; दाराबाहेर उभ्या राहिलेल्या त्या माणसाची आठवण एका पाद्र्याच्या वृत्तांतात आणि एका खटल्याच्या कागदांत शोधावी लागते. या चर्चचा इतिहास त्या कागदांसह वाचला, तरच तो मुंबईचा इतिहास होतो.