साताचा फेरा : गोल्फमधली हरवलेली लय आणि ती परत मिळवणारे

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आम्हाला दोघा-तिघांनी विचारलं, की खेळाच्या इतिहासात लयीचं काय काम? लय म्हणजे गाण्यातली. पण असं बघा, गाण्यात घाबरलेल्या गवयाचं पहिलं लक्षण काय? लय चढते. त्याला स्वतःला कळत नाही, पण तबलजीला कळतं, आणि चांगला तबलजी ठेका घट्ट धरून त्याला जागेवर आणतो. गोल्फच्या मैदानावर गवई असतो, श्रोते असतात, तबलजी मात्र नसतो. तिथे चढलेली लय खेळाडूला स्वतःच उतरवावी लागते, तीही सामना चालू असताना. ती कुणी कशी उतरवली, कुणाला ते जमलं नाही, आणि त्यातून या खेळाला काय समजलं, एवढंच आज आपल्याला बघायचंय.

आधी हिशोब समजून घेऊ. अठरा होलची एक फेरी चार तासांची असते. चांगला खेळाडू त्यात सत्तरच्या आसपास फटके मारतो. एका फटक्याला, म्हणजे काठी मागे नेऊन चेंडूवर आणण्याला, साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे चार तासांत प्रत्यक्ष खेळ मिनिट-सव्वा मिनिटाचा. बाकीचा सगळा वेळ चालण्याचा आणि विचार करण्याचा. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विचाराला फुरसत नसते. इथे चेंडू गवतात गप्प पडलेला असतो आणि तुमची वाट बघतो. मनाने शरीराच्या कामात लुडबूड करायला याहून सोयीचा खेळ नसेल.

आणि काठी वरून खाली यायला लागतो जेमतेम पाव सेकंद. तेवढ्यात दुरुस्ती करता येत नाही. दडपणाखाली होतं काय, की मूठ आवळली जाते, खांदे ताठ होतात, काठी पुरती मागे जाण्याआधीच खाली ओढली जाते. चेंडू भलतीकडे जातो. मग पुढचा फटका आणखी घाईत.

जुन्या काळी ही घाई लगेच अंगाशी यायची. काठ्यांचे दांडे हिकरीच्या लाकडाचे होते. हिकरीचा दांडा नुसता वाकत नाही, पिळलाही जातो. हिसका दिला की काठीचं तोंड वेडंवाकडं चेंडूवर येणार. पोलादी दांड्यांना अमेरिकेत 1924 मध्ये आणि ब्रिटनमध्ये 1929 मध्ये मान्यता मिळाली. तोवर लय ही शोभेची गोष्ट नव्हती, हत्याराचीच ती अट होती.

त्या हत्याराचा सगळ्यात मोठा उस्ताद बॉबी जोन्स. अटलांटाचा. जन्म 1902 चा. त्याने रीतसर शिकवणी अशी घेतली नाही. ईस्ट लेक क्लबवर स्टुअर्ट मेडन नावाचा स्कॉटलंडच्या कार्नूस्टी गावचा व्यावसायिक होता. हा पोरगा त्याच्या मागे मागे फिरायचा आणि घरी येऊन त्याची नक्कल करायचा. आपल्याकडे गुरूच्या मागे तानपुरा धरून बसता बसता गाणं अंगात मुरतं, तसंच. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे शास्त्रज्ञ याच मुद्द्यावर येणार आहेत.

स्विंग इतका सुंदर, पण डोकं गरम. 1916 मध्ये चौदाव्या वर्षी तो मेरियनला राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला आणि फटका चुकला की काठ्या फेकायचा. 1921 मध्ये सेंट अँड्र्यूजला, तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवर बंकरमध्ये अडकला. वाळूतून चेंडू निघेना. या एकोणीस वर्षांच्या पोराने फेरी तिथेच सोडून दिली, स्पर्धेतून बाद झाला. त्या प्रकाराची लाज त्याला पुढे आयुष्यभर वाटली.

1916 ते 1922 अशी सात वर्षं एकही मोठं विजेतेपद नाही. 1923 ते 1930 या आठ वर्षांत तेरा! बदललं काय? स्विंग तर तोच होता. जोन्सने स्वतः सांगून ठेवलंय, की समोरच्या माणसाशी खेळणं सोडून तो पारशी खेळायला लागला. पार म्हणजे त्या होलला ठरलेले फटके. 1927 च्या आपल्या पुस्तकात त्याने या पारला एक म्हातारबुवाच करून टाकलंय. हा म्हातारा कधी चमत्कार करत नाही आणि कधी चुकतही नाही. त्याच्याबरोबर चालायचं तर घाई करून उपयोग नाही. म्हणजे जोन्सने स्वतःसाठी एक तबलजी शोधला.

म्हणून दडपण गेलं का? मुळीच नाही. एकेका स्पर्धेत त्याचं वजन कित्येक पौंडांनी उतरायचं. 1929 ची यूएस ओपन, विंग्ड फूट. शेवटच्या फेरीत जोन्सकडे भक्कम आघाडी. आणि त्याने एक सोडून दोन होलवर सात-सात फटके घेतले. आघाडी संपली. त्या फेरीचे 79 झाले. शेवटच्या होलवर बारा फुटांचा, उतारावर वळणारा पट उरला. तो गेला तर अल एस्पिनोसाशी बरोबरी, चुकला तर पराभव. जोन्सने तो घातला. दुसऱ्या दिवशी छत्तीस होलचा निर्णायक सामना झाला. जोन्स 141, एस्पिनोसा 164. तेवीस फटक्यांचा फरक!

आता विचार करा. आदल्या दिवशी 79 मारणारा माणूस दुसऱ्या दिवशी 72 आणि 69 मारतो. एका रात्रीत कुणी स्विंग शिकतं का? लय त्याच्यापाशीच होती, फक्त हाताला लागत नव्हती. आमच्या मते आजच्या विषयाचं सार या दोन दिवसांत आहे.

पुढच्या वर्षी, 1930 मध्ये, हॉयलेकला ब्रिटिश ओपनची शेवटची फेरी. आठवा होल. दोन फटक्यांत जोन्स ग्रीनच्या अगदी जवळ. तिथून त्याने आणखी पाच घेतले. पुन्हा सात! एकही फटका रानात गेला नाही, पाण्यात गेला नाही, नुसते हलके हलके फटके चुकत गेले. 1921 चा जोन्स असता तर त्याने इथेच काठी फेकली असती. 1930 चा जोन्स नवव्या होलकडे चालत गेला, पुन्हा तसा अपघात होऊ दिला नाही, आणि दोन फटक्यांनी जिंकला. त्याच वर्षी त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा त्याच्या नावावर लागल्या. चौथी मेरियनलाच, जिथे चौदा वर्षांपूर्वी तो काठ्या फेकत होता. आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तो स्पर्धांमधून निवृत्त झाला.

आता दुसरी बाजू. 1966, सॅन फ्रान्सिस्कोचा ऑलिंपिक क्लब, यूएस ओपन. शेवटचे नऊ होल बाकी असताना अर्नोल्ड पामर सात फटक्यांनी पुढे. हेही सातच. पामर म्हणजे तेव्हाचा सगळ्यात लाडका खेळाडू. त्याच्या मनात विजय जवळपास ठरलेला होता. नजर होती बेन होगनच्या 1948 च्या 276 फटक्यांच्या विक्रमावर. म्हणजे तो बिली कॅस्परशी खेळत नव्हता, पारशीही खेळत नव्हता, तर एका आकड्याच्या मागे धावत होता. पंधराव्या होलवर नेमका झेंड्यावर मारायला गेला, चेंडू बंकरमध्ये. सोळाव्यावर लांबचा फटका डावीकडे झाडीत, तिथून लांब मारण्याची काठी काढली, चेंडू थोडासाच हलला. सतराव्याला बरोबरी झाली. शेवटच्या नऊ होलमध्ये पामर 39, कॅस्पर 32. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीतही निम्म्या वाटेवर पामर पुढे होता, आणि पुन्हा मागे पडला. कॅस्पर 69, पामर 73.

पामरला धाडस नडलं असं म्हणायची पद्धत आहे. आम्हाला वाटतं, धाडसानेच त्याला एवढं मोठं केलं होतं. नडलं ते एवढंच, की लय सुटल्यावर ती धरायला त्याने एकही सोपा फटका मध्ये घेतला नाही. प्रत्येक चूक पुढच्याच फटक्यात भरून काढायची, असं चाललं होतं.

शास्त्राने या प्रश्नात बऱ्याच उशिरा लक्ष घातलं. 1992 मध्ये रिचर्ड मास्टर्स यांनी नवशिक्यांचे दोन गट केले. एकाला पट कसा मारायचा याच्या सविस्तर सूचना दिल्या. दुसऱ्याला सूचना नाहीत, उलट पट मारता मारता तोंडाने कुठलीही अक्षरं म्हणायला लावली, म्हणजे मन त्यात गुंतावं. मग दडपण आणलं. सूचना घोकलेल्यांची प्रगती अडली, अक्षरं म्हणणारे सुधारतच राहिले. पुढे सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या खेळाडूंना आपल्याच फटक्याच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं. त्यांचा खेळ बिघडला. लक्ष दुसरीकडे असताना ते जास्त चांगले मारत होते. मेडनच्या मागे फिरणारा तो पोरगा आठवला ना?

तिसरी गोष्ट जॉन नोव्होसेल यांची. त्यांनी व्यावसायिकांच्या स्विंगच्या चित्रफिती एकेक चौकट मोजून पाहिल्या. 2004 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं, की काठी मागे नेण्याचा वेळ आणि खाली आणण्याचा वेळ यांचं प्रमाण तीनास एक पडतं. कुणाचं 27 चौकटी आणि 9, कुणाचं 24 आणि 8, कुणाचं 21 आणि 7. म्हणजे विलंबित असो की द्रुत, ठेका तोच. निक प्राइसचा स्विंग झटपट, एर्नी एल्सचा संथ. दोघेही मोठ्या स्पर्धा जिंकलेले. त्यामुळे घाबरलेल्या खेळाडूला "हळू मार" सांगणं हा अर्धवट सल्ला आहे. त्याला त्याचा स्वतःचा ठेका हवा असतो, दुसऱ्याचा संथपणा नाही.

आता शेवटची गोष्ट, अगदी अलीकडची. जॉर्डन स्पीथ. 2016 च्या मास्टर्समध्ये नऊ होल उरले असताना पाच फटक्यांनी पुढे होता. दहाव्या-अकराव्याला एकेक फटका गेला आणि बाराव्याला दोन चेंडू पाण्यात. त्या होलला किती? सात. स्पर्धा गेली.

पुढच्या वर्षी रॉयल बर्कडेलला ब्रिटिश ओपन. शेवटच्या दिवशी तीन फटक्यांची आघाडी, पहिल्या चार होलमध्येच तीन फटके गमावलेले. तेराव्या होलवर त्याने चेंडू इतका उजवीकडे मारला की तो टेकाडाच्या गवतात जाऊन बसला. तिथून मारता येईना. त्याने एक फटक्याचा दंड घेतला आणि नियमात बसणारी जागा शोधत शोधत थेट सरावाच्या मैदानावर गेला. वीस मिनिटांहून जास्त वेळ गेला. मॅट कूचर बिचारा थांबून राहिला. स्पीथचा कॅडी मायकेल ग्रेलर, पूर्वी शाळेत गणित शिकवायचा. दोघांनी अंतराचा हिशोब केला, चेंडू ग्रीनच्या जवळ आणला, आणि स्पीथने पाचात होल संपवला. फक्त एक फटका जास्त. आघाडी कूचरकडे गेली, पण सात झाले नाहीत. पुढच्या होलवर चेंडू थेट झेंड्याजवळ पडला. मग पंधरा, सोळा, सतरा. चार होलमध्ये पारपेक्षा पाच फटके कमी. तीन फटक्यांनी विजय.

ती वीस मिनिटं आम्हाला फार महत्त्वाची वाटतात. तेवढा वेळ स्पीथचं डोकं कुठे होतं? नियमात, अंतरात, टेकाडापलीकडे न दिसणाऱ्या ग्रीनमध्ये. मनगटात नव्हतं, खांद्यात नव्हतं. आणि हव्यासाऐवजी त्याने तोटा पत्करला. दंड घेतला, पाच स्वीकारले. पामरने 1966 मध्ये नेमकं हेच केलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी गोल्फ खेळत असेल, नसेलही. गाताना, भाषण करताना, परीक्षेच्या दालनात, लय सगळ्यांचीच सुटते. तेव्हा मूठ सैल करावी, श्वास पुरता सोडावा, नेहमीच्या क्रमाने नेहमीची तयारी करावी, नजर चेंडू जिथे जायचाय तिथे ठेवावी, आणि एक साधा, हमखास जमणारा फटका मारावा. चूक भरून काढायला अजून होल बाकी असतात.

जोन्स 1958 मध्ये पुन्हा सेंट अँड्र्यूजला गेला. तोवर पाठीच्या कण्याच्या आजाराने त्याचं चालणं कठीण झालं होतं. ज्या गावात त्याने फेरी अर्धवट टाकली होती, त्याच गावाने त्याला आपलं मानद नागरिकत्व दिलं. सात फटक्यांचे होल त्याच्याही हिशोबात होते. त्यांच्यापुढचा होल तो खेळत राहिला, हे गावाने लक्षात ठेवलं.