पेट्रोलची पिचकारी

मोटारीचे बॉनेट उघडले असता इंजिनाच्या माथ्याशी एक आडवी नळी दिसते, आणि तिच्यातून दर सिलिंडरमागे एक याप्रमाणे बोटभर लांबीच्या पिचकाऱ्या खाली उतरलेल्या असतात. मिस्त्री नळीला रेल म्हणतात, पिचकारीला इंजेक्टर. आज ही जोडी इतकी अंगवळणी पडली आहे की पहिल्या खेपेस तिच्या वाट्याला आलेली नामुष्की सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

पूर्वी पेट्रोल आणि हवा यांची गाठ घालून देण्याचे काम कार्ब्युरेटरकडे असे. अरुंद गळ्यातून वेगाने जाणारी हवा पेट्रोल आपोआप ओढून घेई. युक्ती नामी, पण वाटणी सारखी होत नसे. एका सिलिंडरला अधिक, तर दुसऱ्यास उणे.

अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने यावर विजेचा तोडगा काढला. रेलमध्ये पेट्रोल ठरावीक दाबाने भरून ठेवावे, विद्युच्चुंबकाने इंजेक्टरचे तोंड उघडावे, आणि ते किती वेळ उघडे राहते यावरून पेट्रोलचे माप ठरावे. येथे शेर-पायली नाही. माप म्हणजे वेळ, तोही सेकंदाचे काही सहस्रांश! 1958 साली क्रायस्लरने ही यंत्रणा बसविलेल्या गाड्या विकावयास काढल्या. त्या अवघ्या 35 च्या आसपास. परंतु इंजिनाशेजारची धग आणि हादरे त्या काळच्या विद्युत् भागांना सोसेनात. बहुतेक गाड्यांवरील सारा सरंजाम उतरवून पुन्हा कार्ब्युरेटरच चढवावे लागले. ज्याला निरोप द्यावयाचा, त्यालाच सन्मानाने परत बोलावण्यासारखे हे झाले.

पेटंटे पुढे जर्मनीच्या बॉशकडे गेली. 1967 मध्ये फोक्सवॅगन 1600 या गाडीवर तीच कल्पना नव्याने अवतरली, आणि या खेपेस टिकली. मधल्या काळात ट्रान्झिस्टर सुधारले, हे खरेच. पण माझ्या मते मोठे कारण निराळे आहे. 1968 च्या गाड्यांपासून अमेरिकेत इंजिनाच्या धुरावर देशव्यापी कायद्याची मर्यादा आली. केवळ शक्तीसाठी जास्त पैसे मोजणारे थोडे होते. कायद्यापुढे कारखानदारांचा निरुपाय झाला. तरीही कार्ब्युरेटर चिवट निघाला. आपल्याकडे एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 मानके लागू झाली, तेव्हा कोठे नव्या दुचाकींवरून त्याची बहुतांशी उचलबांगडी झाली.

बसविण्याची रीत मात्र साधी आहे. जुनी रेल सोडविण्यापूर्वी मिस्त्री तिच्यातला दाब उतरवितो, इंजेक्टरवर नवी रबरी कडी चढवितो, त्यांना थेंबभर तेल लावतो आणि मग रेल दोन्ही टोकांना सारखी दाबून बसवितो. कडे चिरले, तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावरच पाझरते.