माळवदाचा धडा

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे ३:५६ ला किल्लारी ढासळलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. माणसं त्याखालीच गेली.

नुसता रिश्टरचा आकडा पाठ करून हे कळत नाही. मला वाटतं, हा धडा हातांनी शिकवावा. मुलांनी मातीचं छोटं माळवद करून हलवून बघावं, आजीला विचारून जुन्या गल्ल्या चिताराव्यात. कल्पना नवी नाही. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून निघालेल्या झाकीर हुसेन समितीने हस्तकामाभोवती विषय गुंफले होते, चित्रकला-संगीतही घेतलं होतं.

विज्ञान कळेल, गावही कळेल. मुलं नव्या किल्लारीत जन्मलेली. जुनं सांगणारी पिढी थकलीय. घाई एवढ्याचसाठी.