शस्त्रक्रियागारांतील हवा

गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदलून घेतलेलें एखादें वडील माणूस आज बहुतेक आप्तपरिवारांत आढळतें. त्यांच्या सुखरूप चालण्यामागें एका वादाचा इतिहास आहे. जखमेंत पू होतो त्याचा दोष हवेकडे किती, हा तो वाद होय.

ग्लासगोचे शल्यवैद्य जोसेफ लिस्टर यांनीं १८६५ सालीं कार्बॉलिक अॅसिडानें जखमा निर्जंतुक करण्यास आरंभ केला. पुढें हवेंतील जंतूही मरावेत म्हणून ते शस्त्रक्रियेच्या वेळीं त्याच द्रावणाचे तुषार उडवूं लागले. परंतु हात व हत्यारें यांपासूनच अधिक धोका, हें ध्यानांत येतांच १८९० सालीं बर्लिनच्या परिषदेंत त्यांनीं आपण होऊन तुषारयंत्र त्याज्य ठरविलें. हवा जणूं निर्दोष सुटली.

तिच्यावर पुन्हां आरोप ठेवला तो जॉन चार्नली यांनीं. इंग्लंडांतील राइटिंग्टन येथील रुग्णालयांत १९६२ पासून ते खुब्याच्या जागीं धातूचा गोळा व पॉलिएथिलीनची वाटी बसवूं लागले. प्रारंभीं शंभरांतील सुमारें सात रोग्यांच्या जखमेंत जंतुदोष होई. साध्या जखमेंतील पुवाचा निचरा करतां येतो. परंतु कृत्रिम सांध्याच्या आश्रयानें राहणारे जंतू औषधांना सहसा दाद देत नाहींत. मग पुष्कळदां तो सांधाच काढून टाकावा लागे. चालण्याच्या आशेनें आलेला रोगी अधिकच पांगळा होई.

मनुष्याच्या त्वचेचे सूक्ष्म कण सदैव गळत असतात व त्यांवर बसून जंतू हवेंत तरंगतात. म्हणून चार्नली यांनीं शस्त्रक्रियेसाठीं निराळा बंदिस्त कक्ष उभारला, त्यांत गाळलेली हवा वरून खालीं सोडली, आणि शस्त्रवैद्यांना सर्वांग झांकणारा पोषाख देऊन त्यांचा उच्छ्वास नळीनें बाहेर काढला. १९७२ च्या त्यांच्या लेखांत जंतुदोषाचें प्रमाण अर्ध्या टक्क्यावर आल्याचें दिसतें. मात्र त्याच काळांत टांके घालण्याची रीत व झग्यांचें कापडही सुधारलें होतें. मग श्रेय कोणाला द्यावयाचें?

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या पुढाकारानें आठ हजारांवर शस्त्रक्रियांची तुलना झाली. १९८२ चा निष्कर्ष असा : साध्या हवेंत दीड टक्का, अतिशुद्ध हवेंत ०.६ टक्का. तथापि प्रतिजैविकें कोणाला द्यावींत हें चिठ्ठ्या टाकून ठरविलें नव्हतें, आणि ज्यांना तीं मिळालीं त्यांच्यांत दोष कमी आढळला. पुढें जर्मनी व न्यूझीलंड येथील नोंदींत अशा हवायंत्रणेचा लाभ दिसेना. अखेर २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें, पुरावा दुबळा असल्याचें नमूद करूनच, सांधेबदलांतील जंतुदोष टाळण्यासाठीं ही यंत्रणा वापरूं नये असा सल्ला दिला.

म्हणून चार्नली यांचा खटाटोप व्यर्थ गेला, असें मात्र समजूं नये. प्रतिजैविकें सर्रास दिलीं जात नसतां हवेचा वांटा मोठा असणें संभवनीय आहे. तीं वेळेवर मिळूं लागल्यावर तो झांकला जाणेंही तितकेंच संभवनीय. पैसा बेताचा असलेल्या रुग्णालयाला या प्रश्नाचें महत्त्व विशेष आहे. कारण महाग यंत्रावर खर्चिलेला रुपया इतर दक्षतेला उरत नाहीं. एका काळीं खरा ठरलेला उपाय परिस्थिति पालटल्यावर पुन्हां तपासावा लागतो, आणि त्या तपासाचें फळ रोग्याच्या पायांना मिळतें.